वहीत पाळीची तारीखही हवी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी वेटलिफ्टर मीराबाई चानूने शेवटच्या प्रयत्नासाठी बारवर ११४ किलो लावायला सांगितले. ती लिफ्ट फेल गेली आणि मीराबाईचं टोटल १९९ वर थांबलं. थायलंडच्या सुरोदचना खंबाओचं टोटल होतं २००. कांस्यपदक एका किलोने गेलं. त्यानंतर बोलताना मीराबाई म्हणाली की नशिबाने साथ दिली नाही, आणि त्याच ओघात हेही सांगून गेली की पाळीचा तिसरा दिवस होता, अंगात थोडा अशक्तपणा जाणवत होता. पुढचे दोन दिवस आमच्या गावातल्या मोबाइलवर एकच म्हण फिरत होती: नाचता येईना, अंगण वाकडं.

मी तालुक्याच्या गावी मुलींना वेटलिफ्टिंग शिकवते. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धांत स्वतः उतरत असे. आता स्पर्धा असली की मुलींच्या वजनाच्या खोलीत अधिकारी म्हणून बसते. मला मीराबाईचं ते बोलणं सबब वाटलं नाही. कोणत्याही कोचने लिहून ठेवावी अशी ती साधी नोंद होती. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेक वह्यांमध्ये त्या नोंदीला जागाच नसते, माझी तक्रार तेवढ्याचीच आहे.

वजनाच्या खोलीत काय चालतं ते बाहेर बसलेल्यांना दिसत नाही. स्पर्धा सुरू होण्याच्या दोन तास आधी वजनं सुरू होतात आणि तासाभरात आटोपतात. मुलींच्या खोलीत आम्ही बायकाच असतो. कुणी आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायलेली नसते, कुणी रुमालात थुंकत बसलेली असते, कुणी केसांची टोकं कापून येते. काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅम जास्त भरले की चेहरा पांढरा पडतो. मग हळूच कानाशी येऊन सांगतात, ‘मॅडम, अडचण आलीय, म्हणून भरतंय.’ पाळीच्या आधी आणि पहिल्या दिवसात अनेकींच्या अंगात पाणी साठतं, वजन अर्धा-एक किलोनेही वाढतं. दाराबाहेर उभा असलेला कोच मात्र विचारत असतो, ‘काल रात्री काय खाल्लंस?’ तिने काही खाल्लेलं नसतं. पण तेवढं सांगायची तिची छाती होत नाही, आणि दुसरं काही विचारायचं त्याला सुचत नाही.

मीराबाईची कारकीर्द पदकांच्या यादीतून वाचली तर ती सरळ चढणीसारखी दिसते. आकड्यांतून वाचली की वेगळीच दिसते. मणिपूरच्या नोंगपोक काकचिंग गावातून इंफाळला सरावाला जाण्यासाठी ती वाळूच्या ट्रकमध्ये बसायची. टोकियोच्या रौप्यपदकानंतर तिने त्या ट्रकचालकांचा सत्कारही केला. २०१४ मध्ये ग्लासगोला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. २०१६ मध्ये रिओत क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फेल, म्हणजे टोटलच नाही. पुढच्याच वर्षी अनाहाइमला १९४ किलो उचलून जागतिक विजेती. भारताला तो मान कर्णम मल्लेश्वरीच्या १९९५ च्या सुवर्णानंतर २२ वर्षांनी मिळाला. २०१८ मध्ये पाठ धरली आणि आशियाई स्पर्धा हुकली. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला ११९ किलोंचा क्लीन अँड जर्कचा विश्वविक्रम, जुलैत टोकियोला स्नॅच ८७ अधिक क्लीन अँड जर्क ११५, म्हणजे २०२ किलो. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत खुब्याची दुखापत, १९१ किलो आणि चौथा क्रमांक. पॅरिसला १९९, पुन्हा चौथा. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्वेतल्या फोर्डे इथे, वयाच्या ३१ व्या वर्षी, ४८ किलो गटात पुन्हा १९९ आणि जागतिक रौप्य.

यातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या वहीत आहे. पाठ कधी धरली, खुबा कधी दुखावला, वजन कोणत्या दिवशी किती होतं, सगळं कुणीतरी लिहिलेलं आहे. खेळाडूचं शरीर म्हणजे तिचं दुकान, आणि त्याची चोपडी रोजच्या रोज लिहावीच लागते. मग त्याच शरीरात महिन्याला घडणारी गोष्ट चोपडीबाहेर का? ती ऐकणाऱ्याला लाज वाटते म्हणून?

पाळीत ताकद कमीच होते, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला आधारही नाही. याविषयी बरंच संशोधन झालं आहे आणि सगळ्या बायकांना लागू पडेल असा एक नियम त्यातून निघालेला नाही. पाळीच्या दिवसांत पदक जिंकणाऱ्या मुलीही आहेत. माझ्याकडची एक मुलगी दुसऱ्या दिवशीही नेहमीचा स्नॅच सहज काढते. दुसरीची कंबर अशी धरते की स्क्वॉटला खाली बसताना ती दात-ओठ खाते. तिसरीला पाळीआधीचे तीन दिवस झोपच लागत नाही. सर्वांसाठी एकच नियम असता तर तो फळ्यावर लिहून मोकळी झाले असते. तो नाही, म्हणून तर प्रत्येकीची वेगळी नोंद लागते. चार-सहा महिने तारखा लिहिल्या की त्या मुलीचा आपला आपला नकाशा दिसू लागतो. मग जड सिंगल कधी घ्यायचे, कुठल्या आठवड्यात तंत्रावर भर द्यायचा, स्पर्धेच्या आधी वजन कधीपासून उतरवायचं, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

आलेल्या पाळीपेक्षा न आलेली पाळी मला जास्त घाबरवते. कमी वजनाच्या गटात टिकायचं म्हणून मुलगी भाकरी अर्धी करते, सराव मात्र दुप्पट. शरीराला पुरेसं इंधन मिळालं नाही की ते आधी पाळी बंद करतं. पुढे हाडं कमजोर होतात, दुखापती भरून यायला वेळ लागतो, आणि ताकद जिथल्या तिथे अडकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्येच या अवस्थेची दखल घेऊन तिला नाव दिलं. आमच्याकडे मात्र मैदानावर अजून ऐकू येतं, ‘बंद झालीय ना, बरंच झालं, कटकट गेली.’ मुलगी खूश, आई गप्प, कोच अनभिज्ञ. दोन वर्षांनी तिच्या मनगटाला किंवा पायाला हाडाची दुखापत होते तेव्हा सगळे म्हणतात, नशीब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे त्या ॲनिमिक आढळल्या. त्याच घरांतून आमच्या मुली येतात. हिमोग्लोबिन न तपासता त्यांच्या खांद्यावर बार ठेवायचा आणि लिफ्ट फेल गेली की मन लावत नाही म्हणायचं, हा कुठला न्याय?

गोळ्यांचंही बोलायला हवं. गणपती, सत्यनारायण, लग्न असलं की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणायची, हे आपल्या घरोघरी चालतं. मग आईच मुलीला राज्य स्पर्धेच्या आधी तीच गोळी देते. त्यातली नॉरएथिस्टेरॉनची गोळी बंदी असलेल्या औषधांच्या यादीत नाही. पण ती घेतल्यावर लघवीत नॅन्ड्रोलोन या बंदी असलेल्या द्रव्याशी जुळणारे अंश थोड्या प्रमाणात दिसू शकतात. प्रयोगशाळांना हे माहीत आहे आणि त्या तसा तपास करतात. तरी नमुना देताना फॉर्मवर गोळीचं नाव लिहिलेलं असलेलं बरं. वेटलिफ्टिंगवर उत्तेजकांचा डाग आधीच मोठा आहे, आपल्या देशातही आहे. घरात लपवलेली गोळी मुलीला उगाच अडचणीत आणते, आणि ती लपवली जाते कारण तिच्याबद्दल बोलायला कुणी नसतं.

माझ्याच क्षेत्रातले जुने सहकारी यावर दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, मुलींना सवलतीची सवय लागेल. त्यांना मी बार दाखवते. आम्ही कॉलेजात पुरुषांच्याच २० किलोंच्या, २८ मिलिमीटर जाड बारवर शिकलो. माझ्या मुठीत तो नीट बसायचाही नाही. आज स्पर्धेत बायकांचा बार १५ किलोंचा आणि २५ मिलिमीटरचा असतो. त्याला कुणी सवलत म्हणत नाही, कारण त्या बारवर उचललेला प्रत्येक किलो खराच असतो. आपला खेळ पुरुषांनी पुरुषांसाठी रचला. १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये तो होता, बायकांना प्रवेश मिळाला २००० साली सिडनीत, आणि तिथेच मल्लेश्वरीने ६९ किलो गटात २४० किलो उचलून कांस्य आणलं. बार बदलला, गट बदलले. सरावाचा तक्ता मात्र अजून पुरुषांचाच उतरवून घेतला जातो.

दुसरा आक्षेप मला खरा वाटतो. ही नोंद मुलीविरुद्ध वापरली जाईल. निवड चाचणीच्या दिवशी कुणी म्हणेल, हिची तारीख आहे, दुसरीला पाठवा. म्हणून त्या रकान्याची मालकी मुलीचीच असली पाहिजे. वही तिची, दाखवायची की नाही तेही तिनेच ठरवायचं, आणि निवड फक्त बारवरच्या किलोंनी. पुरुष कोचशी बोलायचं नसेल तर बोलायला एखादी बाई हवी: कोच, फिजिओ, नर्स, कुणीही.

महाराष्ट्राने हे आधी का करू नये? मे २०२२ मध्ये मावळातल्या वडगावच्या हर्षदा गरुडने ग्रीसमधल्या हेराक्लिओनला ४५ किलो गटात १५३ किलो उचलले आणि ज्युनियर जागतिक सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय ठरली. ४५ किलोंचा गट ऑलिंपिकमध्ये नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर मुलींचा सर्वांत हलका गट ५३ किलोंचा असेल. म्हणजे आमच्या लहान चणीच्या मुलींना येत्या काळात वजन उतरवायचं नसून निरोगीपणे चढवायचं आहे. उपाशी ठेवून, अंदाजपंचे ते व्हायचं नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. क्रीडा प्रबोधिनीत आणि मुलींच्या प्रत्येक शिबिरात एक तरी स्त्री प्रशिक्षक किंवा फिजिओ असावी. तीन महिन्यांतून एकदा हिमोग्लोबिन तपासावं. कोचच्या प्रशिक्षणात पाळी, आहार आणि हाडं यांवर परीक्षेला येईल असा धडा असावा. तीन महिने पाळी आली नाही तर मुलीला डॉक्टरकडे नेणं ही कोचची जबाबदारी मानावी. यातल्या कशालाही नवं स्टेडियम लागत नाही. पदक आल्यावर जाहीर होणाऱ्या बक्षिसाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. आणि ज्या कोचला शासनाच्या आदेशाची वाट पाहायची नसेल, त्याने उद्याच्या सरावाला मुलींना वहीत एक रेघ जास्त मारायला सांगावी.