द्राक्षवेलीचे आजोळ

सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या परिसरात, जिथे उसाखेरीज अन्य पिकाची प्रतिष्ठा सहसा कोणी मान्य करीत नाही, तिथे मोहिते-पाटील बंधूंनी इटालियन भागीदारांच्या साहाय्याने सांजोवेझे या इटलीच्या काळ्या द्राक्षाची लागवड केली आणि टस्कनीतील अनुभवी मद्यकार पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली त्याचे तांबडे मद्य सिद्ध होऊ लागले, ही हकीकत रसिकांना ठाऊक आहेच. किआंती आणि ब्रुनेल्लो या विख्यात मद्यांचा आधार असलेले हे द्राक्ष 1590 साली सोदेरिनी या ग्रंथकाराच्या लेखनातून प्रथम दप्तरी दाखल झाले. त्याच्या एका अल्पपरिचित आप्ताशी माझी भेट घडली ती मात्र उन्हाळ्यात हवापालटासाठी बुलढाण्यास आलेल्या भाच्याच्या कृपेने.

त्याने आणलेल्या बाटलीवर चिल्येजोलो हे नाव होते. माठाभोवतीच्या ओल्या फडक्यात घटकाभर गुंडाळून ठेवलेले ते मद्य पेल्यात ओतले, तेव्हा प्रथम दरवळला तो चेरीचा गंध, ज्यावरून या द्राक्षाचे नामकरण झाले; आणि सांजोवेझेच्या ठायी जो आंबटपणा व जो करारी तुरटपणा असतो, त्याऐवजी इथे एक मऊ, मोकळे मार्दव होते. टस्कनीत किआंतीचा कठोरपणा सौम्य करण्यासाठी हे द्राक्ष पिढ्यान् पिढ्या मिसळले गेले; म्हणजे चाकरी याची आणि लौकिक दुसऱ्याचा, असाच मामला.

या वेलीच्या मुळाविषयी दंतकथा अशी, की सांतियागोच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांनी ती 1870च्या सुमारास स्पेनहून आणली. परंतु वेलींच्या आनुवंशिक खुणा ताडून पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनी या शतकाच्या आरंभी निराळाच पुरावा पुढे आणला. चिल्येजोलो आणि सांजोवेझे यांचे नाते थेट जनक-अपत्याचे आहे, एवढे त्यातून निर्विवाद ठरले. पण वारशाचा दावा इथेच अडला. अपत्याच्या प्रत्येक खुणेत निम्मा वाटा एकेका जनकाचा असतो खरा, तथापि दोनच वेली समोर असल्या, तर त्यांतील बाप कोण आणि लेक कोण, हे तिसऱ्याची साक्ष निघाल्यावाचून सांगता येत नाही. एका पक्षाने चिल्येजोलोला जनक ठरवून दुसरा जनक म्हणून कालाब्रेझे दि मोंतेनुओवो ही नामशेष होत आलेली दाक्षिणात्य वेल हजर केली. दुसऱ्या पक्षाने सांजोवेझेलाच जनकपद देऊन, मस्कत कुळातील एका द्राक्षाशी झालेल्या संकरातून चिल्येजोलो जन्मले, असा उलटा निवाडा मांडला.

यांतील पहिला पक्ष खरा मानला, तर टस्कनीच्या मानबिंदूचे आजोळ इटलीच्या उपेक्षित दक्षिणेत निघते, आणि ज्यांच्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे त्या आम्हां बुलढाणेकरांना याचे नवल वाटण्याचे कारण नाही. भोसले कुळाच्या पराक्रमाची कथा पुणे, रायगड आणि सातारा सांगतात. परंतु जिजाबाईंचा जन्म जाधवरावांच्या घरी, इथल्या मातीत झाला, आणि 1629 साली देवगिरीच्या किल्ल्यात दग्याने मारल्या गेलेल्या त्यांच्या वडिलांची, लखुजींची, समाधीही इथेच आहे. कीर्ती सासरी नांदते आणि उगमाची नोंद माहेरी राहते, हा इतिहासाचा जुना शिरस्ता आहे.

द्राक्षांच्या बाबतीत तर तो अधिकच पक्का. वेल बीजाने नव्हे, काडीने वाढवितात. त्यामुळे शेकडो वर्षांनंतरही मळ्यातली वेल तीच मूळची असते, आणि जिच्या बीजापासून ती कधी काळी अकस्मात उगवली, ती मात्र बिननावाची राहून कुंपणाशी वाळून जाते. जी विकली जाते तिची निगा होते. जिने जन्म दिला तिची चौकशी करण्यास शास्त्रज्ञ यावा लागतो, आणि तोही उशिरा. सुदैवाने टस्कनीतील मारेम्मा प्रदेशात व उंब्रियातील नार्नी येथे काही उत्पादक आता चिल्येजोलोचे निर्भेळ मद्य काढतात. बाप ठरो वा लेक, त्याला स्वतःच्या नावाने बाजारात उभे राहता आले, आणि वंशावळीचा निकाल लागण्याची वाट त्यासाठी पाहावी लागली नाही, हे मला कोणत्याही निवाड्याहून अधिक न्याय्य वाटते.