खेळाडूची किंमत आणि सौद्याचा न्याय

फुटबॉल संघाचा कारभार हाकण्याचा जो खेळ संगणकावर खेळला जातो, त्यात खेळणाऱ्याचा पाय चेंडूला कधीच लागत नाही. त्याने करावयाचे काम एखाद्या संस्थेच्या चिटणिसाचे असते. कोणास घ्यावे, कोणास सोडावे, पगार किती द्यावा आणि वर्षअखेरीस तिजोरीत काय उरेल, याचा विचार त्याने करावयाचा. १९८२ मध्ये केव्हिन टॉम्स या इंग्रज गृहस्थाने ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा असा एक खेळ घरगुती संगणकांसाठी बाजारात आणला. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आला. पुढे प्रकाशकाशी त्यांची फारकत झाली, जुने नाव प्रकाशकाकडे राहिले आणि २००४ पासून त्यांचा खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ याच नावाने निघू लागला. जगभरच्या हजारो खऱ्या खेळाडूंची नावे, वये, करार आणि गुण त्यात नोंदलेले असतात.

एकट्याने खेळणाऱ्याला सौदा न्याय्य की अन्याय्य हा प्रश्न फारसा पडत नाही. समोर यंत्र असते आणि यंत्राला गंडविल्याचे पाप कोणी मानीत नाही. परंतु पाच-दहा मित्र एकाच स्पर्धेतील एकेक संघ घेऊन खेळावयास बसले की चित्र पालटते. एकाने आपला आघाडीचा खेळाडू देऊन दुसऱ्याचा तरुण बचावपटू घेतला की उरलेले ओरडू लागतात, ‘नवख्याला लुबाडले, सौदा रद्द करा!’ मग पडद्यावर त्या दोघा खेळाडूंच्या नावांपुढे जी किंमत दिसते, तिच्याकडे बोट दाखविले जाते. दोन किमती जवळजवळ सारख्या असतील तर सौदा साधुत्वाचा, नसतील तर लबाडीचा, असा हा सोपा न्याय आहे. सोपा असला तरी तो चुकीचा आहे, आणि त्याची चूक खेळापुरती राहत नाही.

हा पडद्यावरचा आकडा म्हणजे काय? खेळाडूचे वय, त्याचा लौकिक, तो कोणत्या देशाच्या कोणत्या श्रेणीत खेळतो, कराराची किती मुदत उरली आहे, यांवरून यंत्राने बांधलेला तो एक अंदाज. अलीकडच्या आवृत्त्यांत तर दुसऱ्याच्या खेळाडूविषयी एकच आकडा न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पल्ला दिला जातो. म्हणजे खेळ रचणाऱ्यांनीच आपल्या अंदाजाचा ठामपणा कमी केला आहे. कराराची गोष्ट यात विशेष महत्त्वाची. चार वर्षांचा करार असलेला खेळाडू आणि एकच वर्ष उरलेला खेळाडू मैदानावर तंतोतंत सारखे असले, तरी दुसऱ्याची किंमत कितीतरी कमी असते. वर्ष संपताच तो कोणतीही रक्कम न घेता-देता निघून जाऊ शकतो, हे त्याचे कारण. ही तरतूद खेळ रचणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. बेल्जियमच्या झां-मार्क बोस्मान या खेळाडूचा लिएजच्या क्लबशी असलेला करार १९९० मध्ये संपला, तरी फ्रान्समधील डंकर्कच्या क्लबाकडे त्याचे जाणे रकमेच्या प्रश्नावरून फिसकटले. आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने, करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातील एका देशाच्या क्लबने दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे पैसे मागता कामा नये, असा निवाडा दिला. पडद्यावरील किंमत वर्षागणिक घसरते तिच्यामागे हा निवाडा आहे.

आता एक उदाहरण घ्यावे. समजा, एका व्यवस्थापकाकडे एकतीस वर्षांचा नामांकित आघाडीपटू आहे. पडद्यावर त्याची किंमत ८० लाख पौंड, पगार आठवड्याला ६० हजार पौंड, करार आणखी तीन वर्षांचा. दुसऱ्याकडे एकोणीस वर्षांचा बचावपटू आहे. त्याची किंमत ४० लाख, पगार आठवड्याला ४ हजार, करार दोन वर्षांचा. दोघांची सरळ अदलाबदल झाली तर पहिल्याने ४० लाख पौंड पाण्यात घातले असे पडदा म्हणेल. पण पगाराचा हिशेब मांडला की काय दिसते? आघाडीपटूला वर्षाला ३१ लाख २० हजार म्हणजे तीन वर्षांत ९३ लाख ६० हजार पौंड द्यावे लागणार. तरुणाला दोन वर्षांत मिळून ४ लाख १६ हजार. तीन वर्षांनी पहिला चौतीस वर्षांचा होईल आणि त्याला विकून बहुधा काहीच हाती लागणार नाही. दुसरा त्या वेळी बावीस वर्षांचा असेल. करार वेळीच वाढविला, तर ऐन उमेदीतला. ज्याला लुबाडले म्हणून मंडळी हळहळत होती, त्याने एक जड ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवले आहे!

मग लुबाडला गेला तो दुसरा, असे म्हणावे काय? तेही घाईचे होईल. त्याचा संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात असेल आणि उरलेल्या दहा सामन्यांत गोल करणारा एकही माणूस त्याच्यापाशी नसेल, तर तीन वर्षांनंतरचा हिशेब त्याच्या काय कामाचा? इंग्लंडमध्ये १९०५ साली हेच घडले. मिडल्सब्रोचा संघ घसरणीच्या काठावर होता. त्याने संडरलंडच्या अल्फ कॉमन या खेळाडूसाठी १,००० पौंड मोजले. एका माणसासाठी चार आकडी रक्कम कोणी तोवर दिली नव्हती. वृत्तपत्रांतून त्यावर टीकेचा भडिमार झाला, खेळाचा बाजार मांडला म्हणून नाके मुरडली गेली, आणि १९०८ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने अशा रकमेवर ३५० पौंडांची मर्यादाही घालून पाहिली. ती काही महिन्यांतच मागे घ्यावी लागली. कॉमन मात्र मिडल्सब्रोला उपयोगी पडला, आणि त्या वर्षी तो संघ वरच्या श्रेणीत टिकून राहिला. त्या संघाच्या गरजेच्या मानाने १,००० पौंड फार झाले असे आज कोणी म्हणणार नाही. तसेच ट्रेव्हर फ्रान्सिसचे. १९७९ च्या फेब्रुवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याच्यासाठी सुमारे दहा लाख पौंड दिले तेव्हा इंग्लंडने डोळे विस्फारले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात माल्मोविरुद्ध युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याने केला.

तात्पर्य, किंमत ही खेळाडूच्या अंगाला चिकटलेली वस्तू नाही. घेणाऱ्याची निकड, देणाऱ्याची अडचण आणि मध्ये उरलेला काळ यांच्यातून ती प्रत्येक वेळी नव्याने उत्पन्न होते. आपल्याकडे २००८ पासून आयपीएलचे लिलाव पाहणाऱ्यांना याची ओळख आहेच. संघाला यष्टिरक्षकाची गरज असली आणि यादीत चांगले यष्टिरक्षक दोनच उरले असले, की बोली कुठवर चढते हे त्यांनी पाहिले आहे. मात्र तेथे प्रत्येक संघाच्या पैशाला सारखी मर्यादा असते आणि बोली सर्वांसमक्ष लागते. दोघांनी आपापसांत ठरविलेल्या सौद्याला हे दोन्ही आधार नसतात.

म्हणून न्याय पाहावयाचा तो किमतीत नव्हे, तर सौदा करणाऱ्यांच्या जाणिवेत आणि हेतूत. जाणिवेचा प्रश्न नाजूक आहे. या खेळात खेळाडूच्या निरनिराळ्या गुणांना वीसपैकी गुणांक दिलेले असतात. चेंडू पायात घेण्याचे कौशल्य १४, चिकाटी १७, धैर्य ९ असे. (माणसाच्या धैर्याला वीसपैकी नऊ देणाऱ्याच्या आत्मविश्वासाचे शिक्षकवर्गाला तरी नवल वाटू नये; प्रात्यक्षिकाचे गुण वीसपैकीच देण्याची सवय त्यांच्याही हाताला आहे.) हे गुण थोडेफार दिसतात. पण त्यांच्या मागे यंत्राने दोन आकडे दडवून ठेवलेले असतात. खेळाडूची आजची एकूण कुवत आणि तो पुढे कुठवर जाऊ शकेल ती सीमा, दोन्ही दोनशेच्या मापाने. तरुणाची खरी किंमत या दुसऱ्या आकड्यात असते. आपले निरीक्षक पाठवून, त्यांचा पगार सोसून, महिनोन्‌महिने वाट पाहून ज्याने त्याचा सुगावा लावला, त्याने ते ज्ञान कमावलेले आहे, आणि त्याच्या बळावर त्याने स्वस्तात सौदा केला तर त्यात वावगे काही नाही. ज्याने एखादी युक्ती योजून नोंदवही उघडली आणि दडविलेला आकडा चोरून वाचला, त्याचा सौदा पडद्यावरील किमती जुळूनही खोटाच. पहिल्याला हुशार व्यापारी म्हणावे. दुसरा प्रश्नपत्रिका आधी पाहून परीक्षेला बसलेला आहे.

आणि तो दडविलेला आकडा तरी ब्रह्मलिखित थोडाच आहे! देशोदेशीच्या हौशी माणसांनी आपापल्या भागातील सामने पाहून तो भरलेला असतो. २००१-०२ च्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’मध्ये तो मादेइरा नावाचा एक पोर्तुगीज आघाडीपटू गोलांचा पाऊस पाडीत असे आणि जाणते लोक त्याला शोधून काढीत. प्रत्यक्षात असा कोणी खेळाडू पोर्तुगालात नव्हताच. त्याच आवृत्तीत मिलवॉलचा चेर्नो साम्बा हा पोरसवदा खेळाडू जगातील श्रेष्ठांत गणला जाईल असे यंत्राचे भाकीत होते. खरा साम्बा गाम्बियाच्या राष्ट्रीय संघातून खेळला, स्पेन, फिनलंड, नॉर्वेतील क्लबांतून खेळला, प्रामाणिकपणे पोट भरीत राहिला; यंत्राने वर्तविलेली उंची काही त्याने गाठली नाही. यात कमीपणा त्याचा नव्हे. सोळा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे त्याचा शेवट लिहून ठेवणाऱ्याचा तो आहे.

हेतूचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. मूर्खपणाचा सौदा आणि अन्यायाचा सौदा यांत मंडळी गल्लत करतात. चूक करण्याचा हक्क प्रत्येक व्यवस्थापकाला असला पाहिजे. नाहीतर खेळात उरले काय? नवख्याला सौद्याआधी दोन दिवस विचाराला द्यावेत, पगार आणि मुदत पाहिलीस काय असे विचारावे, आणि मग त्याचे त्याला ठरवू द्यावे. रद्द करण्याजोगा सौदा तोच, ज्यात एक बाजू जिंकण्याचा प्रयत्नच करीत नाही. स्पर्धेतून बाद झालेला गडी हंगामाच्या शेवटी आपले उत्तम खेळाडू जिवलग मित्राला नाममात्र रकमेत देऊन टाकतो, तेव्हा ते दोघेही खूषच असतात. फसतो तो तिसरा, ज्याने वर्षभर काटकसर करून आपला संघ बांधला आणि ज्याला या सौद्यात कोणी काही विचारले नाही. त्याच्या तक्रारीची दाद लागलीच पाहिजे. उलट, प्रत्येक सौद्यावर बहुमताने मत घेण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती त्याज्य समजावी. कारण मत देणारे सारे प्रतिस्पर्धीच असतात, आणि शेजाऱ्याला लाभ होणारा सौदा त्यांना अन्याय्य वाटला नाही तरच आश्चर्य.

खेळातील एवढ्याशा तंट्याला इतके महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की हा खेळ आता खऱ्या बाजारापासून वेगळा राहिलेला नाही. २००८ मध्ये इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने खेळाडू हेरण्यासाठी याच खेळातील नोंदी वापरण्याचा करार केला. बाजाराची नक्कल करण्यासाठी जे आकडे मांडले, ते बाजारच वाचू लागला. २०१७ मध्ये नेमारसाठी पॅरिसच्या क्लबने बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो दिले, तेही सौद्याच्या घासाघिशीने ठरलेले नव्हते. करारात आधी लिहून ठेवलेला तो आकडा होता. त्यानंतरच्या कित्येक सौद्यांत मात्र तोच माप म्हणून पुढे केला गेला. माणसांना आकड्यांनी तोलण्याची सवय खेळातून बाजारात गेली की बाजारातून खेळात आली, हे सांगणे कठीण. पण अठरा वर्षांचा विद्यार्थी ती खेळातून उचलतो, एवढे खरे.

आणि या सबंध चर्चेत ज्याची अदलाबदल होते आहे तो माणूस कोठे आहे? इंग्लंडमध्ये एके काळी त्याला स्थानच नव्हते. करार संपला तरी क्लब त्याची नोंदणी आपल्याकडे ठेवू शके. तो दुसरीकडे खेळू शकत नसे. १९६१ पर्यंत तर आठवड्याला २० पौंडांहून अधिक पगार कोणत्याही खेळाडूला देता येत नसे, मग त्याची किंमत काहीही असो. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमने सोडून जाण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली, तेव्हा तो खेळणे थांबवून दुसऱ्या नोकरीला लागला. अखेर १९६० मध्ये क्लबने त्याला आर्सेनलला ४७,५०० पौंडांना विकले. पण ईस्टहॅमने दावा सोडला नाही. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी, खेळाडूला असे अडकवून ठेवणे हा त्याच्या धंद्यावरील अवाजवी निर्बंध आहे, असा निकाल दिला. २००१ पासून फिफाच्या नियमांनुसार करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या रकमेतील पाच टक्के वाटा, बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबांनी त्याला घडविले त्यांना जातो. दोन श्रीमंतांच्या सौद्यात कुठल्या तरी खेड्यातील चिखलाच्या मैदानाचा हिस्सा अशा रीतीने मान्य झाला. पडद्यावरील किमतींचे वजाबाकीचे गणित करणाऱ्याला तो कधी दिसत नाही.

संगणकाच्या खेळाने या न्यायालयीन इतिहासाचा एक अंश मात्र जपला आहे. दोन्ही व्यवस्थापकांनी तास-दोन तास हुज्जत घातलेली असते, पगाराची बेरीज जुळलेली असते, मित्रमंडळींनीही सौद्याला मान डोलावलेली असते. आणि मग नव्या क्लबच्या कराराचा कागद त्या एकोणीस वर्षांच्या बचावपटूपुढे ठेवला जातो. तेथे आपल्याला पहिल्या अकरांत जागा मिळणार नाही, असे त्याला वाटते. तो नाही म्हणतो.