‘सिस्टिममध्ये दिसत नाही!’

पूर्वी माणसाच्या मागे शनी लागत असे. हल्ली सिस्टिम लागते. शनीचे निदान साडेसात वर्षांचे गणित ठरलेले असते, आणि शनिवारी तेल वाहिले की तो थोडाफार निवळतो असेही म्हणतात. सिस्टिमला ना वार, ना नैवेद्य. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला पोचले नाहीत, तर ‘सिस्टिममध्ये दिसत नाही’. भाच्याला धाडलेला फराळाचा डबा नाशिकला पोचलाच नाही, तर ‘सिस्टिम डिलिव्हर्ड दाखवते आहे’. दुरुस्तीहून परत आलेली मोटार ब्रेक दाबताच पूर्वीसारखीच किंचाळते, तर ‘सिस्टिममध्ये एरर येत नाही, साहेब’. तीन दुकाने, उत्तर एक! आणि हे उत्तर देणारा गृहस्थ इतक्या निरागसपणे आपल्याकडे पाहतो, की ही सिस्टिम कोणी परग्रहावरच्या मंडळींनी रातोरात आणून बसवली असावी आणि तोही बिचारा आपल्यासारखाच तिच्या तावडीत सापडला असावा, असे वाटू लागते.

माझे म्हणणे असे, की सिस्टिम नावाचे कोणी नाही. आमच्या वर्गातला एखादा कारटा उद्या म्हणाला, ‘सर, गृहपाठ केलाय, पण वहीत दिसत नाही,’ तर त्याला आपण बाकावर उभा करू. मोठ्या माणसांनी पगार घेऊन तेच उत्तर दिले, की आपण ‘बरं, बरं’ म्हणून माघारी फिरतो! या शब्दाच्या मागे एक हाडामांसाचा माणूस असतो. नियम त्याने केलेला असतो, पैसा त्याच्याकडे गेलेला असतो, आणि आपले नाव कोणाला कळू नये एवढ्यापुरता हा पडदा त्याने टांगलेला असतो.

‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांच्या पंगतीत मात्र मला बसवू नका. ते दिवस काही सोन्याचे नव्हते. बँकेत पितळी बिल्ला हातात धरून तास तास ताटकळायचे, आणि आपला नंबर आला की नेमकी कारकुनाची चहाची वेळ व्हायची. आज मंडईतली भाजीवाली जुडीचे वीस रुपये फोनवर घेते. 2016 साली सुरू झालेल्या या यूपीआयने सुट्ट्या पैशांची भांडणे मिटवली, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो.

पण एक गोष्ट आठवून पाहा. आपल्याकडे मनीऑर्डर 1880 साली सुरू झाली. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी पगार झाला की कोकणात घरी मनीऑर्डर करी. पैसे पोचायला दिवस लागत. पण पोचले, की आईच्या अंगठ्याचा ठसा उमटलेली पोच त्याच्या खोलीवर परत येई. पैसे कोणी दिले, कोणी घेतले, मधे कोणाच्या हातून गेले, सगळे कागदावर! पैसे रखडले तर विचारायला पोस्टमास्तर नावाचा प्राणी खुर्चीत सापडत असे. तो खेकसत असेल, पण तो होता. आज पैसे डोळ्याचे पाते लवायच्या आत जातात, आणि वाटेत अडकले की त्यांचा पत्ता सांगणारा माणूस महिनाभर सापडत नाही. वेग आला त्याचे स्वागत. पण वेगाच्या गडबडीत माणसाला पळून जाण्याची संधी का द्यावी?

आमच्या आळीत एक मावशी राहतात. निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेचा जमाखर्च त्यांनी आयुष्यभर पैशापैशाने जुळवला. गॅसच्या टाकीचे पैसे त्यांच्या खात्यातून गेले, नोंदणी झाली नाही. बँक म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे ॲपवाल्याला, आणि ॲपवाल्याकडे फोन उचलणारा माणूसच नाही. ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणणारी एक गोड आवाजाची बाई तेवढी आहे. चौथ्या दिवशी मावशी पासबुक मिटत मला म्हणाल्या, “माझंच काहीतरी चुकलं असेल रे.” मला चीड आली ती या वाक्याची. रक्कम कितीशी होती! पण जिच्या हिशोबात कधी एका पैशाची खोट निघाली नाही, तिला आपल्या अकलेचा संशय यावा? आज घरोघरी वडीलधारी माणसे नातवापुढे फोन धरून अजिजी करताना दिसतात, त्यांत काहीतरी मोडले आहे, आणि ते फोनमधले नव्हे.

गंमत अशी, की नियम मावशींच्याच बाजूचा आहे. रिझर्व्ह बँकेने 2019 च्या सप्टेंबरात ठरवून दिले, की एटीएममधून नोटा न निघता खात्यातून रक्कम वजा झाली, किंवा यूपीआयने दिलेले पैसे दुकानदाराला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. हे 100 रुपये न मागता खात्यात पडलेले पाहिलेला भाग्यवान आपल्या ओळखीत आहे का, हे फराळाच्या वेळी पाहुण्यांना जरूर विचारा. उलट आपणच स्क्रीनशॉट काढायचा, बारा आकडी नंबर शोधायचा, अर्ज भरायचा, मग ‘तक्रार क्रमांक’ जपून ठेवायचा. ज्या खर्डेघाशीसाठी पूर्वी बँकेला कारकून पोसावा लागे, ती आता आपण बिनपगारी करतो, आणि वर सेवाशुल्कही भरतो! शेवटी माणूस कंटाळून म्हणतो, ‘जाऊ द्या, दोनशे रुपयांसाठी कुठे डोके फोडायचे!’ या ‘जाऊ द्या’वर कित्येकांचे इमले उभे आहेत.

पार्सलांची तऱ्हा याहून न्यारी. दिवसभर दाराशी कान लावून बसावे आणि संध्याकाळी निरोप यावा, ‘आपण घरी नव्हता.’ मग दुसऱ्या दिवशी जो पोरगा येतो त्याच्यावर आपण तोंड टाकतो. हे मला मुळीच मान्य नाही. त्या पोराला नगामागे पैसे मिळतात, पाठीवर त्याच्या वजनाएवढे ओझे असते, आणि ठरल्या वेळेत सगळी दारे होणे शक्य नसले की ‘घरी नव्हते’ हे बटण दाबण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. खोटे त्याच्या बोटाने लिहिले गेले, पण ते जन्मले वरच्या कचेरीत. वहिनी, त्याला पाण्याचा पेला द्या आणि तोंडसुख घ्यायचेच असेल तर योग्य जागी घ्या. ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा नि संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो. त्याने 48 तासांत पोच द्यायची, महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. नाव छापतातही, पण अशा कोपऱ्यात, की ते शोधणाऱ्याला गुप्तधन सापडल्याचा आनंद व्हावा.

आता मोटार. कोपऱ्यावरचा मिस्त्री बॉनेट उघडून कान लावी आणि ‘बेल्ट गेलाय’ म्हणे. तोही काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हता. जुना भाग धुऊन नवा म्हणून बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. पण त्याच्या टपरीसमोर उभे राहून भांडता येत असे. हल्लीच्या चकचकीत वर्कशॉपात आपल्याला काचेच्या अलीकडे कॉफी देऊन बसवतात आणि मोटार काचेच्या पलीकडे नेतात. एका मित्राच्या गाडीची खिडकी वर होईना. आत प्लास्टिकची बोटभर खुंटी तुटली होती. ‘खुंटी वेगळी मिळत नाही, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल!’ म्हणजे धोतराची किनार उसवली म्हणून नवा जोड घ्या! ही ओरड माझ्या एकट्याची नव्हे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणाने मिळू दिली नाही, म्हणून 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे प्रकरण अपिलांत गेले. 2022 च्या डिसेंबरात सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक पोर्टल काढले. पोर्टल! म्हणजे पुन्हा सिस्टिमच. असो.

तेव्हा गाडी टाकताना जॉब कार्डावर अंदाजी खर्च लिहून घ्या, आणि बदललेला जुना भाग परत मागा. दोघेतिघे उपहासाने हसतील; हसू द्यात. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हाही हसणारे होतेच. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा व्हायला त्यानंतर 1986 साल उजाडले. आता 1915 हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. तो भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी लिहून ठेवावा, मावशींच्या घरी तर ठळक अक्षरांत.

आणि फोनवर कोणीही ‘सिस्टिम’ हा शब्द उच्चारला, की एकच विचारायचे: ‘आपले नाव काय, आणि आपल्या वरच्या साहेबांचे नाव काय?’ मावशींच्या पैशांसाठी मी हेच विचारले. पलीकडे दोन क्षण नुसती खरखर. मग एक कोवळा, दमलेला आवाज अगदी हळू म्हणाला, “सर, माझं सांगते. पण वरच्यांचं आम्हांलाही माहीत नाही हो.”