जाळी फळाला घाला, खारीला नव्हे

गच्चीवर आणि गॅलरीत बाग करणारे आता शहरोशहरी आहेत आणि ते एकत्र जमले की खारीला शिव्या घालतात. तक्रार खोटी नाही. महिनोन् महिने जपलेले डाळिंब उद्या काढू म्हणून झाडावर राहू द्यावे, तर त्याला एका बाजूने रुपयाएवढे भोक, खाली कुंडीत सालीचा चुरा, आतले दाणे फस्त आणि उरल्यासुरल्यावर मुंग्यांची रांग. पेरलेले शेंगदाणे तर भर दुपारी, आपल्या डोळ्यांदेखत उकरले जातात. एवढे मात्र ध्यानात घ्यावे, की खार उजेडात हिंडणारा प्राणी आहे. रात्रीतून नाहीसे झालेले पेरू-चिकू बहुधा वटवाघळाने किंवा उंदराने नेलेले असतात, पण नाव होते खारीचे.

राग येणे समजू शकते. त्या रागात जे केले जाते ते नाही. उंदरांसाठी मिळणाऱ्या चिकट गोंदाच्या पाट्या आता कठड्यावर ठेवल्या जातात. त्यांवर खार अडकते, तशीच चिमणी आणि सरडाही. चिकटलेला जीव तासन् तास तडफडत मरतो आणि सकाळी तो पाहवत नाही म्हणून पाटीसकट कचऱ्यात जातो. विषाच्या वड्यांचे त्याहून वाईट. त्या खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी लागला, की विष पुढे सरकते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालापासून आहे. तो गाय-बैलांपुरताच आहे, अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतली आहे.

मग येतात निरुपद्रवी पण निरुपयोगी उपाय. प्लॅस्टिकचे घुबड, लटकवलेल्या जुन्या सीडी, कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रे. चार दिवस खार बिचकते, मग त्याच घुबडाच्या डोक्यावर बसून शेपटी झटकते. तिखटाच्या पाण्याचा फवारा थोडाफार चालतो, कारण मिरची सस्तन प्राण्यांना झोंबते, पक्ष्यांना नाही. पण एका पावसात तो धुऊन जातो. डांबराच्या गोळ्या तर खाण्याच्या भाजीजवळ नकोतच.

खरी चूक असते ती अख्खी बाग बंदिस्त करण्याच्या हट्टात. हा हट्ट ऑस्ट्रेलियाने करून पाहिला आहे. युरोपातून नेलेल्या सशांनी शेते फस्त करायला सुरुवात केल्यावर पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात तीन हजारांहून अधिक किलोमीटरचे कुंपण उभारले. ते पुरे होण्याआधीच ससे पलीकडे पोहोचले होते. सरकारला जमले नाही ते तुमच्या गच्चीवरच्या नायलॉनच्या जाळीला जमणार नाही. खार ती कुरतडते आणि तिच्यात पक्षी गुरफटतात ते वेगळेच.

जमते ते छोटे. अर्ध्या इंच भोकांची वेल्डमेश, म्हणजे सांधलेल्या तारांची जाळी, आणावी. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मोठ्या भोकांची असते, तिच्यातून लहान खार सहज शिरते. बी पेरले की कुंडीच्या तोंडाएवढा तुकडा वर ठेवून कडेला दोन दगड ठेवावेत आणि रोपे चार पानांची झाली की काढावा. त्याच जाळीची नळकांडी वळून, दोन्ही टोके बंद करून ती डाळिंबावर चढवता येते. डाळिंब झाडावरच पिकते, तोडल्यावर पिकत नाही; म्हणून संरक्षण त्यालाच हवे. चिकू, सीताफळ, पेरू तयार झाले की पिकण्याची वाट न पाहता उतरवावेत, घरात अढीत पिकतात. टोमॅटोला लाली चढू लागली की तोडावा. काढणी दोन दिवस अलीकडे आणली, की निम्मे भांडण मिटते.

डोंगरालगतच्या बंगलेवाल्यांकडे ससे येतात, त्यांचे काम याहून सोपे. परदेशी पुस्तके सांगतात की जाळी वीतभर जमिनीत पुरावी. ते बिळे खणणाऱ्या तिकडच्या सशांसाठी. आपला रानससा बीळ करत नाही, गवताच्या आडोशाला बसतो. भाजीच्या वाफ्याभोवती तीन फुटी जाळी, खालची कड खुंट्यांनी जमिनीला घट्ट, एवढे पुरते. फासे लावणाऱ्यांनी मात्र १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवावा. सशाची शिकार हा गुन्हा आहे.

आता थोडे शेजारधर्माविषयी. तिसऱ्या मजल्यावर चिमण्यांसाठी म्हणून शेंगदाणे आणि शिळी पोळी मांडली जाते, तिथे पहिली पंगत खारींची बसते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कुंड्या उकरल्या जातात. उन्हाळ्यात पाण्याचे भांडे जरूर ठेवा, टोमॅटोवरचे दात पुष्कळदा तहानेचे असतात. दाणे मात्र बंद करा. आणि येत्या रविवारी हार्डवेअरच्या दुकानात जाल तेव्हा गोंदाची पाटी न घेता दोन फूट वेल्डमेश मागा.