पीयूषिकेला राजा म्हणू नका

प्राणिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, "उंदराच्या अंडाशयातील पुटिका कशामुळे वाढते?" उत्तर तोंडपाठ असते: "पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच येते, पुटिका वाढते, एलएच येते, पुटिका फुटते." दोन वाक्ये, दोन गुण! हे उत्तर चूक नाही. ते अर्धे आहे. आणि अर्धे सत्य एकदा पाठ झाले की उरलेल्या अर्ध्याकडे कोणी फिरकत नाही, हीच माझी तक्रार आहे.

पीयूषिकेला 'मास्टर ग्लँड' ही पदवी फुकट मिळालेली नाही, हे आधी मान्य करू. 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेत फिलिप स्मिथ यांनी रॅट जातीच्या उंदरांची पीयूषिका काढून टाकली, तेव्हा माद्यांची अंडाशये आकसून गेली. दुसऱ्या उंदराच्या पीयूषिकेचे तुकडे रोज शरीरात बसवताच ती पुन्हा कार्यक्षम झाली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक यांनी वयात न आलेल्या माऊस माद्यांत असेच तुकडे बसवले आणि त्या माद्या अकाली वयात आल्या. एवढा पुरावा मिळाल्यावर ग्रंथीला राजमुकुट मिळाला, तर नवल नाही.

पण राजाज्ञा सुटण्यापूर्वीच प्रजा कामाला लागलेली असते! 1997 मध्ये ह्यूस्टन येथे एफएसएच तयारच होऊ शकणार नाही असे माऊस निर्माण करण्यात आले. त्यांच्या पुटिका मुळीच वाढणार नाहीत, असे आपल्या पाठ केलेल्या उत्तरावरून वाटेल. प्रत्यक्षात त्या वाढल्या, पेशींचे अनेक थर चढले. फक्त द्रवाने भरलेली पोकळी तयार होण्याच्या आधी त्या अडकल्या. म्हणजे एफएसएचचा हुकूम प्रवासाच्या उत्तरार्धात अटळ आहे, पूर्वार्धात नाही. मग पूर्वार्ध कोण चालवतो? 1996 मध्ये दिसून आले, की खुद्द अंडपेशी जीडीएफ-9 नावाचे प्रथिन स्रवते आणि ते नसेल तर पुटिका एकाच थरावर थांबते. ज्याला आपण पाळण्यातले निजलेले बाळ समजत होतो, तेच पाळण्याची दोरी हलवीत होते!

अंडाशय वर उलट निरोपही पाठवते. वाढत्या पुटिकेतील इस्ट्रॅडिऑल आणि इन्हिबिन एफएसएचला आवर घालतात. मात्र पुटिका पिकल्यावर तेच इस्ट्रॅडिऑल मेंदूला उलट इशारा देते आणि एलएचचा लोंढा सुटतो. तोही मनमानी वेळी नव्हे. रॅटचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे. 1950 मध्ये एव्हरेट व सॉयर यांनी दाखवले, की पूर्वऋतूच्या दिवशी दुपारी दोन वाजता बार्बिट्युरेट जातीचे झोपेचे औषध दिले, तर अंडमोचन बरोबर चोवीस तास लांबते. चार वाजता दिले, तर उपयोग होत नाही. राजालाही मेंदूतील घड्याळाकडे पाहूनच दरबार भरवावा लागतो.

"हे सगळे परीक्षेला कुठे येते?" असा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर परीक्षेबाहेर आहे. 1999 मध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांनी एएमएच नसलेल्या माऊसचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाढीला लागलेल्या लहान पुटिका हे संप्रेरक स्रवतात आणि निद्रिस्त पुटिकांना म्हणतात, 'थांबा, घाई नको.' ते नसल्यामुळे 13 महिन्यांच्या माद्यांत पुटिकांचा साठा जवळजवळ संपलेला होता. आज हेच एएमएच स्त्रियांच्या रक्तात मोजले जाते. त्यावरून शिल्लक साठ्याचा अंदाज येतो. मूल होईल की नाही याचा निकाल लागत नाही. पण 'अमुक संप्रेरक म्हणजे अमुक काम' असेच शिकलेल्या घरात कमी आकड्याचा कागद आला, की सुनेवर शिक्का बसायला कितीसा वेळ लागतो? त्या घरात एखादा बी. एस्सी. झालेला दीर किंवा नणंद असेलच. त्यांनी तरी दोन शब्द समजुतीचे बोलावेत, एवढी अपेक्षा आपल्या पदवीकडून करणे गैर आहे काय?

उंदरावरून माणसाकडे उडी मारताना जपलेच पाहिजे. उंदीर मादीला मासिक पाळी नसते, ती एका वेळी अनेक अंडी सोडते. म्हणूनच निष्कर्ष नव्हे, तर निष्कर्षापर्यंत नेणारी वाट शिकायची. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून प्राण्यांचे विच्छेदन मागे पडले, ते प्राण्यांच्या दृष्टीने योग्यच झाले. पण हातातला प्रयोग गेल्यावर प्रयोगाची गोष्टही गेली, तर विज्ञानाची पोथी व्हायला वेळ लागणार नाही.

म्हणून प्राध्यापकवर्गाला विनंती, की 'एफएसएचचे कार्य लिहा' हा प्रश्न एक वर्ष बाजूला ठेवावा. त्याऐवजी विचारावे: 'एफएसएच नसेल तर पुटिका कोठपर्यंत जाईल, आणि हे कशावरून?' आणि विद्यार्थी मित्रहो, कपाटात पडून असलेली अंडाशयाची स्लाइड एकदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पुटिका मोजा. त्यांतील बहुतेक कधीच फुटणार नव्हत्या, वाटेतच विरून जाणार होत्या. कोणती तगणार, हे एकटा राजा ठरवीत नाही. तिथे हुकूम कमी आणि संवाद जास्त चालतो, एवढे कळले तरी दोन गुणांहून अधिक काही मिळाले म्हणायचे.