जुन्या सांगाड्यावर नवी राइड

परवा वीकेंडला पार्कात पोचलो, तर लाडक्या रोलर कोस्टरवर पाटी : ‘देखभालीसाठी बंद’. ग्रुपचा मूड ऑफ! मीही जाम वैतागले. पण मग ‘टेक्सास जायंट’ आठवला.

अमेरिकेतल्या आर्लिंग्टनच्या ‘सिक्स फ्लॅग्ज’ पार्कातला हा लाकडी कोस्टर १९९० सालचा. रोजच्या धावपळीने आणि ऊन-पावसाने लाकडी रूळ हलतात, गाडी हाडं खिळखिळी करते. दुरुस्ती संपता संपत नाही, आणि गर्दी खेचायला नवं काहीतरी हवंच असतं. पार्कने २००९मध्ये तो बंद केला. लाकडी सांगाडा वापरून वर पोलादी रूळ टाकले. २०११मध्ये १५३ फूट उंचीचा, ७९ अंशांच्या उताराचा ‘न्यू टेक्सास जायंट’ हजर! आयडिया झकास, नाही?

पण २०१३मध्ये याच राइडवरून पडून एका महिलेचा जीव गेला. राइड बंद झाली, ती सीटबेल्ट बसवल्यावरच पुन्हा धावली.

म्हणजे कोस्टर नवा असो वा जुना, आपला भरवसा असतो तो सकाळी गेट उघडण्याआधी रूळ तपासणाऱ्या, रिकाम्या गाड्या पळवून बघणाऱ्या माणसांवर. तेव्हा बॉस, ती पाटी दिसली तर चरफडू नका. आइस्क्रीम खा!