कोणत्या घड्याळाने?

मुंबईत एकेकाळी नुसते "साडेदहा" सांगून भागत नसे. १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली. पण मुंबई आपल्या ३९ मिनिटे मागच्या 'मुंबई टाइम'ला १९५५ पर्यंत चिकटून होती. तेव्हा विचारावे लागे, "कोणत्या घड्याळाने?"

आता हाच प्रश्न संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींपुढे आहे, नि त्यांचे गाव म्हणजे सारी पृथ्वी! लिनक्सचेच घ्या. आपला अँड्रॉइड फोन ज्या गाभ्यावर चालतो तो हा. सर्वांना खुला, देशोदेशीच्या हजारो लोकांनी मिळून लिहिलेला. पुण्यात कोणी सोमवारी सकाळी दहाला त्यात दुरुस्ती केली, तर हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला रविवारचे रात्रीचे साडेआठच वाजलेले असतात. मग आधीचे कोणाचे, नंतरचे कोणाचे? इथे घोटाळा झाला, तर एकाच्या श्रमांवर दुसऱ्याच्या हातून बोळा फिरायचा.

२००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी यासाठी 'गिट' नावाचा हिशेबनीस घडवला. प्रत्येक नोंदीला तो सगळ्या मजकुराचे जणू छायाचित्र काढतो आणि त्यावर लिहितो: काम कोणाचे, ग्रिनिचच्या वेळेने १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद लोटले, आणि त्या माणसाचे घड्याळ ग्रिनिचच्या किती पुढे-मागे. आपले +०५३०, म्हणजे साडेपाच तास पुढे.

मला खरी मौज वाटली ती पुढेच. इतके लिहूनही आधी-नंतरचा निवाडा गिट घड्याळावर सोपवत नाही! घड्याळ काय, कोणाचेही चुकते. म्हणून प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राची, म्हणजे त्याच्या बापाची, खूण असते. मजकुरावरूनच गणिताने काढलेली, सहसा ४० अक्षरे-आकड्यांची. मागे कोणी गुपचूप स्वल्पविराम जरी बदलला, तरी खूण बदलते आणि पुढच्या साऱ्या पिढ्यांच्या खुणाही बदलतात. लबाडी लपत नाही. दोघांनी एकाच वेळी निरनिराळे बदल केले, तर दोन शाखा फुटतात. त्या जुळवल्या, की नव्या छायाचित्राला आई आणि बाप दोन्ही लाभतात.

आपल्या घरांत तरी निराळे काय असते? पणजोबांची जन्मवेळ कोणालाच ठाऊक नसते. पण कोण कोणाचा मुलगा, हे सांगायला आजीला पंचांग लागत नाही. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे याच भरवशावर एकत्र काम करतात. घड्याळे जुळली नाहीत तर बिघडत नाही. आधी काय झाले, यावर एकमत असले म्हणजे झाले.